रविवारी निघा

मंडळी, आठवडाभराची सहल म्हटली की आपण सगळे आधी नकाशा उघडतो. माझं म्हणणं आहे, आधी कॅलेंडर उघडा. आज मी एकच वाट सांगणार आहे. नाशिकहून निघून देवगिरी, वेरूळ, अजिंठा, लोणार, चिखलदरा, मेळघाट आणि परत नाशिक. ही वाट मी तीनदा गाडी चालवत केली आहे आणि पहिल्या वेळी ती माझ्या हातून बिघडली, म्हणून अधिकाराने बोलते आहे.

वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. अजिंठा सोमवारी बंद असतो. एवढी एक गोष्ट मी पहिल्या खेपेला पाहिली नव्हती. शनिवारी निघालो, रविवारी वेरूळ केलं आणि सोमवारी सकाळी आईला घेऊन अजिंठ्याला पोहोचलो. तेव्हा आई बाहत्तर वर्षांची होती. शाळेत इतिहास शिकवण्यात तिचं आयुष्य गेलं, पण अजिंठा तिने फक्त पुस्तकातल्या चित्रांत पाहिला होता. बंद असल्याचं कळल्यावर ती एवढंच म्हणाली, "असू दे गं, वाघूर नदी तरी बघू." ते अजून माझ्या मनातून जात नाही.

तर रविवारी निघा. पहाटे सहाला नाशिक सोडलं, येवल्याला चहा घेतला, वैजापूर मागे टाकलं की दुपारच्या आत देवगिरीच्या पायथ्याशी आहात. पाणी आणि टॉर्च घेऊनच चढा, अंधारीत, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेत, मोबाइलचा उजेड पुरत नाही. किल्ला अर्धवट बघून खाली येणारे खूप दिसतात. तसं करू नका. खंदक, मग अंधारी, मग वरची बारादरी, अशा क्रमाने चढलं तरच यादवांची ही राजधानी १३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाला दिल्लीऐवजी का हवीशी वाटली ते पायांना कळतं. मुक्काम वेरूळला करा. सोमवारी वेरूळ उघडं, मंगळवारी अजिंठा उघडा. किल्ली कुलपात बसावी तसे हे दोन वार बसतात.

वेरूळला ३४ लेणी आहेत. सगळी बघायचा हट्ट धरला की एकही बघून होत नाही. मी तरी दहावं, बारावं, सोळावं, एकोणतिसावं आणि बत्तिसावं एवढीच धरते. सोळावं म्हणजे कैलास. तिथे दारातून आत जाण्याआधी बाजूच्या टेकडीवर चढा आणि वरून खाली बघा. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकात, कारागीर डोंगराच्या माथ्यावरून खोदत खाली आले. आधी कळस, मग पायथा. आपणही त्यांच्या क्रमाने बघावं. वरून बघताना लक्षात येतं की चूक दुरुस्त करायला इथे जागाच नव्हती. जास्त उडालेला दगड परत कसा लावणार?

सोमवारी संध्याकाळीच अजिंठ्याजवळचं फर्दापूर गाठा. मंगळवारी गाडी खालच्या तळावर ठेवून बसने लेण्यांपर्यंत जायचं असतं, त्यामुळे जो आदल्या रात्री जवळ झोपतो तो पहिल्या बसमध्ये असतो. पहिल्या लेण्यात शिरल्यावर काही दिसत नाही. बाहेरच्या उन्हाने डोळे दिपलेले असतात. लोक दोन मिनिटं थांबून "काळोखच आहे" म्हणत निघून जातात. पाच-सात मिनिटं भिंतीकडे तोंड करून गप्प उभे राहा. हळूहळू भिंतीवरच्या चित्रातला बोधिसत्त्व पद्मपाणी पुढे येतो. आधी मुकुट, मग खाली झुकलेली पापणी, मग हातातलं निळं कमळ. दुसऱ्या खेपेला आईला आम्ही डोलीतून वर नेलं. ती त्या भिंतीसमोर उभी राहिली आणि मला म्हणाली, "पुस्तकात याचे डोळे मिटलेले वाटायचे. मिटलेले नाहीत, तो खाली बघतोय." चाळीस वर्षं शिकवलेली गोष्ट तिने त्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांनी दुरुस्त केली.

बुधवारी लोणारला जायचं. सरळ बुलढाण्यावरून रस्ता आहे, पण मी तुम्हाला आग्रह करेन की घाट चढून सिल्लोड, भोकरदन असं जा, कारण वाटेत असई लागतं. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यातलं साधं गाव. २३ सप्टेंबर १८०३ ला इथे इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. नोव्हेंबरच्या अखेरीस अकोटजवळ अडगावला दुसरी लढाई झाली आणि १५ डिसेंबरला त्याने चिखलदऱ्याशेजारचा गाविलगड घेतला. तुम्ही बुधवारपासून शुक्रवारपर्यंत नकळत त्याच मोहिमेच्या मागावर चालत असता. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन तो हाच. आमच्या पिढीला वॉटर्लू पाठ आणि असई कुठल्या तालुक्यात ते माहीत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

लोणारला दुपारी पोहोचाल तेव्हा विवरात उतरू नका. गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ बघा, गोमुखाची धार बघा. विवर गुरुवारी उजाडता. बेसाल्टच्या थरात उल्कापाताने पडलेला हा सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचा खड्डा. त्यातलं पाणी खारं आणि अल्कधर्मी, आणि काठाला मात्र गोड्या पाण्याचे झरे. उतरताना झाडी दाट होत जाते, मोर ओरडतात, मग एकदम पाण्याचा उग्र वास नाकात शिरतो. तोच वास आला की कमळजादेवीचं देऊळ जवळ आलं समजायचं. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं, ते क्षार वाढल्यावर फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. त्याच वर्षी लोणारला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला.

दहाच्या आत लोणार सोडा. मेहकर, अकोला, अकोट, परतवाडा हा दिवस निव्वळ गाडीचा आहे. परतवाड्याला टाकी पूर्ण भरा, रोख पैसे काढून ठेवा, घरी फोन करून घ्या, कारण पुढे नेटवर्कचा भरवसा नाही. आणि चिखलदऱ्याचा घाट अंधारात चढू नका.

शुक्रवार मेळघाटचा. १९७३-७४ मध्ये देशात जे पहिले व्याघ्रप्रकल्प झाले त्यांतला हा एक. सफारीचं बुकिंग ऑनलाइन आधी करा, ज्या ओळखपत्रावर केलं ते मूळ ओळखपत्र सोबत ठेवा. पावसाळ्यात जंगलाचा गाभा बंद असतो, म्हणून ही सगळी वाट नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. मला नेहमी विचारतात, वाघ दिसेल का? डोंगराळ सागाचं जंगल आहे, बहुधा नाही दिसणार. वाघच बघायचा असेल तर ताडोब्याला जा, पण वेगळ्या आठवड्यात. ताडोबा याच सात दिवसांत कोंबणाऱ्यांनी मला आल्यावर फक्त टोलनाक्यांची नावं सांगितली आहेत. मेळघाटात तिथल्या कोरकू आदिवासी वाटाड्याशी बोला. आमच्याबरोबरच्या वाटाड्याने गाडी थांबवून सागाचं एक पान आम्हाला हातावर चुरडायला सांगितलं, तळवा लालभडक झाला. सिपना म्हणजे त्यांच्या भाषेत साग. नदीचं नावही तेच.

दुपारी गाविलगड. शार्दूल दरवाज्यावरचे गंडभेरुंड, म्हणजे दोन डोक्यांचे काल्पनिक पक्षी, बघायला मान वर करून बराच वेळ उभं राहावं लागतं.

शनिवारी परत. अमरावतीवरून समृद्धी महामार्गाला लागा. चढण्याआधी टायर तपासा, हवा भरून घ्या. सरळ, एकसुरी काँक्रीटवर डोळ्यावर झापड येते, तेव्हा दर दोन तासांनी चालक बदला किंवा गाडीतून उतरा. मी त्यासाठी सिंदखेडराजाला खाली उतरते. लखुजी जाधवांच्या वाड्याचं ते भव्य प्रवेशद्वार, जिजाऊंचं जन्मस्थान. एरवी शांत असतं, फक्त १२ जानेवारीला लाखांची गर्दी. तासभर ओट्यावर बसायचं, घरून आणलेल्या दशम्यांचा शेवटचा डबा उघडायचा आणि मग शिर्डीला समृद्धी सोडून सिन्नरमार्गे घरी. रविवार धुण्याचा, आणि काढलेले फोटो आईला दाखवण्याचा.