परतणारा आवाज

ज्यांचे बालपण धाब्याच्या घरात गेले आहे, त्यांना आजच्या विषयाचे अर्धे शास्त्र आधीच ठाऊक आहे. फक्त ते त्यांनी फुटबॉलला लावून पाहिलेले नसते. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या घराला सागाच्या कड्या, त्यांवर काटक्या आणि सर्वांत वर खारी माती असे जाड छत होते. त्या खोलीत कितीही मोठ्याने बोलले तरी आवाज मऊ होऊन जागच्या जागी विरत असे. पुढे वडिलांनी धाबा उतरवून पत्रे टाकले. पहिल्याच पावसात आजी कानाला हात लावून म्हणाली, ‘माले काही ऐकू येत नही.’ पाऊस थांबल्यावरही फरक राहिलाच. चार माणसे बोलू लागली की दहा माणसे बोलत असल्याचा भास होई आणि प्रत्येक जण नकळत आवाज चढवी. खोली तीच, माणसे तीच. बदलले होते ते छप्पर.

फुटबॉलच्या जुन्या आणि नव्या स्टेडियममधल्या गर्जनेचा विचार मी गेली काही वर्षे याच अंगाने करतो आहे. घरच्या मैदानाचे वातावरण म्हणजे गर्दी, निष्ठा आणि जोश, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. प्रेक्षकाच्या तोंडून निघालेला आवाज त्याच्याकडे आणि त्याच्या शेजाऱ्याकडे परत आला, तरच तो पुन्हा आणि अधिक जोराने ओरडतो. उघड्या माळावर माणूस लवकर थकतो, कारण त्याचा आवाज जातो तो जातोच. जुन्या मैदानांना हे परतणे काटकसरीतून, जवळजवळ अपघाताने मिळाले. नव्या मैदानांना ते मुद्दाम योजावे लागते, आणि प्रत्येक वेळी साधतेच असे नाही.

आधी थोडे गणित, कारण संख्येविषयीचा गैरसमज त्याशिवाय जात नाही. ओरडणाऱ्यांची संख्या दुप्पट केली तर आवाज साधारण तीन डेसिबलने वाढतो आणि दसपट केली तर दहा डेसिबलने. ऐकणाऱ्याला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण या दहा डेसिबलचीच वाढ लागते. लंडनच्या आर्सेनल क्लबने २००६ मध्ये हायबरी हे १९१३ पासूनचे मैदान सोडले आणि तो एमिरेट्स स्टेडियमवर गेला. जुन्या जागी शेवटच्या काळात सुमारे अडतीस हजार प्रेक्षक मावत, नव्या जागी साठ हजारांहून अधिक मावतात. या बावीस हजार जादा गळ्यांची कमाई किती, तर सारे जण सारख्याच जोराने ओरडले असे धरले तरी जेमतेम दोन डेसिबल. उलट, एकटा माणूस उघड्यावर ओरडत असेल आणि तुम्ही त्याच्यापासून दुप्पट अंतरावर गेलात, तर सहा डेसिबल हातचे जातात. संख्येने जे मिळवायचे ते अंतर गमावून बसते. हायबरीही काही गर्जनेसाठी प्रसिद्ध नव्हते, हे इथेच सांगितले पाहिजे. प्रतिस्पर्धी समर्थक त्याला ‘ग्रंथालय’ म्हणून हिणवत. वाचनालयाच्या सभागृहात उभे राहून हे सांगताना मला थोडे अवघडल्यासारखे होते, पण जुने ते सारे दुमदुमणारे हा भाबडेपणा टाळायला ते उपयोगी आहे.

ब्रिटनमधल्या जुन्या मैदानांचा चेहरा ज्याने घडवला तो आर्चिबाल्ड लीच हा ग्लासगोचा अभियंता मुळात कारखाने आणि गोदामे बांधणारा होता. स्टेडियमकडे तो वळला तो तिथूनच. त्याच्याच आराखड्याच्या आयब्रॉक्स मैदानावर ५ एप्रिल १९०२ रोजी लाकडी पायऱ्यांचा एक भाग कोसळून पंचवीस माणसे मेली. त्यानंतर उंच लाकडी सांगाड्यांऐवजी भरावाच्या आणि काँक्रीटच्या पायऱ्यांकडे कल झुकला. लीचच्या स्टँडमध्ये लोखंडी खांब, छप्पर पेलणाऱ्या कैच्या आणि वर उतरते छप्पर, असा सगळा कारखान्याच्या शेडचाच संसार असे. खांब प्रेक्षकांच्या नजरेआड येत, याबद्दल लोक पिढ्यान्‌पिढ्या कुरकुरत राहिले. पण खांब होते म्हणून छप्पर खाली ठेवता येत होते, आणि छप्पर खाली होते म्हणून आवाज परतत होता. आज खांबाशिवाय लांबवर झेपावणारे छप्पर हवे असते. ते उंच जाते आणि आवाजाला वर जायला आणि पसरायला जागा मिळते.

शेड म्हटल्यावर आपल्याकडच्या माणसाला जिनिंग आठवणारच. महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत असताना मी एकदा मुलांना जळगावजवळच्या एका जिनिंगच्या शेडमध्ये नेले होते. हंगाम संपलेला, शेड रिकामी, खाली फरशी आणि वर पत्रे. एका मुलाने मधोमध उभे राहून टाळी वाजवली. ती एक टाळी पत्र्यावरून भिंतीवर आणि भिंतीवरून पुन्हा पत्र्यावर अशी गडगडत राहिली आणि मुले हसू लागली, तर हसण्याचाही गडगडाट झाला. दिवाळीनंतर आम्ही त्याच शेडमध्ये पुन्हा गेलो, तेव्हा छपराला टेकतील अशा कापसाच्या गंजी लागलेल्या होत्या. त्याच मुलाने तशीच टाळी वाजवली. आवाज आला आणि गेला, जणू कोणी तो मुठीत धरून खिशात टाकला. पत्रे तेच होते. कापसाने आवाज पिऊन टाकला होता. माणसांचे कपडे आणि शरीरेही हेच करतात, म्हणून रिकामे स्टेडियम घुमते आणि भरलेले त्या मानाने कोरडे होते. नव्या स्टेडियममधल्या गादीच्या खुर्च्या आणि छताखालचे आवाज शोषणारे अस्तर हे या हिशेबाने कापसाच्या गंजीच.

हे अस्तर लावतात तरी कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण क्षुल्लक नाही. ११ मे १९८५ रोजी ब्रॅडफर्डच्या जुन्या लाकडी स्टँडला आग लागून छप्पन्न माणसे मेली. हजारो लोकांना काही मिनिटांत बाहेर काढायचे असेल तर ध्वनिक्षेपकावरची सूचना शब्दन्‌शब्द कळली पाहिजे, आणि फार घुमणाऱ्या जागेत शब्द एकमेकांत मिसळून जातात. गर्जनेला जे हवे तेच सूचनेला मारक ठरते. स्टेडियमच्या ध्वनिरचनाकाराला या दोन्ही घरचा पाहुणचार सांभाळावा लागतो.

आता लिव्हरपूलच्या अॅनफिल्ड मैदानावरच्या ‘कॉप’ या स्टँडकडे येतो. हे नाव दक्षिण आफ्रिकेतल्या स्पिऑन कॉप या टेकडीवरून आले. जानेवारी १९०० मध्ये बोअर युद्धात तिथे घनघोर लढाई झाली आणि लँकेशायरच्या पलटणींतले पुष्कळ सैनिक पडले. त्याच लढाईत जखमींना डोलीतून वाहून नेणाऱ्या हिंदी पथकात मोहनदास गांधी होते. पुढे १९३६ मध्ये आपल्या फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाला आले तेच हे गांधी. फुटबॉलच्या स्टँडचे नाव आणि फैजपूर एका वाक्यात येतील असे मला कधी वाटले नव्हते. हा कॉप १९०६ मध्ये उभारला गेला आणि १९२८ मध्ये त्यावर छप्पर आले. त्या छपराखाली जवळजवळ तीस हजार माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहत. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली आणि लिव्हरपूलच्या सत्त्याण्णव समर्थकांचे जीव गेले. त्यानंतरच्या चौकशीच्या टेलर अहवालामुळे वरच्या श्रेणीतल्या मैदानांवर प्रत्येकाला खुर्ची सक्तीची झाली. कॉपवर उभे राहून पाहिलेला शेवटचा सामना ३० एप्रिल १९९४ रोजी झाला. आज तिथे बारा हजारांच्या आसपास खुर्च्या आहेत.

तीस हजारांचे बारा हजार झाले याचा हिशेब मघाच्या गणिताने केला तर घट चार डेसिबलच्या आसपास येते. पण जुन्या लोकांना जी घट जाणवली ती याहून कितीतरी मोठी होती, आणि मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो. बसलेल्या माणसाच्या छातीत उभ्या माणसाएवढी हवा भरत नाही, हे एक कारण. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पायऱ्यांवर गाणारी मंडळी आपोआप एकमेकांकडे सरकत, मध्यभागी जमत आणि कडेच्यांना ओढून घेत. क्रमांकाच्या खुर्चीवर मात्र तिकीट नेईल तिथे बसावे लागते. शेजारी गप्प असेल तर आपणही गप्प होतो. आवाज परतायला छप्पर लागते तसा शेजारीही लागतो. हिल्सबरोच्या मृतांपुढे वातावरणाचे रडगाणे गाऊ नये, हे मला मान्य आहे. पण इंग्लंडमध्येच २०२२ पासून कठडा असलेल्या जागी उभे राहायला पुन्हा परवानगी मिळू लागली आहे, यावरून सुरक्षितता आणि उभे राहणे यांचे मुळात वैर नव्हते हे दिसते.

नव्यांपैकी फसलेले आणि साधलेले अशी दोन्ही उदाहरणे आहेत. वेस्ट हॅम क्लबने २०१६ मध्ये अप्टन पार्क हे घरांच्या दाटीतले मैदान सोडले आणि तो २०१२ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या लंडन स्टेडियममध्ये गेला. धावपट्टीवर सरकत्या खुर्च्या आणून बसवल्या तरी गोलच्या मागचे प्रेक्षक मैदानापासून दूरच राहिले आणि समर्थकांची ती तक्रार कायम आहे. तुरिनच्या युव्हेंटसने नेमके उलट केले. १९९० च्या विश्वचषकासाठी बांधलेल्या, धावपट्टी असलेल्या मोठ्या मैदानाच्या जागी त्यांनी २०११ मध्ये सुमारे एक्केचाळीस हजारांचे आटोपशीर स्टेडियम उभे केले आणि प्रेक्षकांना मैदानाच्या अगदी कडेशी आणले. लहान होऊन मोठा आवाज मिळवता येतो, हे त्यांना कळले होते. टॉटनहॅमने २०१९ मध्ये उघडलेल्या स्टेडियमच्या दक्षिणेला साडेसतरा हजारांचा एकच सलग, उभा चढ असलेला स्टँड केला. त्यासाठी डोळ्यांपुढे जर्मनीतल्या डॉर्टमुंड क्लबच्या मैदानाची दक्षिण बाजू होती, जिथे जवळपास पंचवीस हजार माणसे उभी राहतात. सलग स्टँडचे महत्त्व असे, की मधे काचेच्या खासगी कक्षांची रांग आली की गर्दीचे दोन तुकडे होतात आणि वरच्यांचे गाणे खालच्यांपर्यंत धड पोहोचत नाही.

गाणे एका लयीत राहणे हीदेखील सोपी गोष्ट नाही. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. जळगावच्या मे महिन्यात थोडा घाईने, ३५८ च्या आसपास. मोठ्या स्टेडियमच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे १७० मीटर जायला त्याला अर्धा सेकंद लागतो, आणि टाळीच्या ठेक्यात अर्धा सेकंद म्हणजे अख्खा ठोका चुकतो. म्हणून साठ हजार माणसे एकसुरात गात नाहीत. एक बाजू गाते आणि बाकीच्या मागून येतात. यात्रेतल्या कुस्त्यांच्या दंगलीत हलगीवाला आखाड्याच्या कडेला फिरत राहतो, त्यामागचे शहाणपण हेच असावे असे मला वाटते. दंगलीला छप्पर नसते, पण माणसे आखाड्याभोवती गोल आणि दाट बसतात, त्यामुळे समोरच्याचा आवाज थेट तोंडावर येतो.

विक्रमांविषयी फार बोलत नाही. इस्तंबूलच्या गलातसराय क्लबच्या तेव्हा नव्या असलेल्या स्टेडियमवर १८ मार्च २०११ रोजी १३१.७६ डेसिबलची नोंद झाली आणि तिचा गाजावाजाही झाला. असा आकडा क्षणाचा असतो आणि मापक गर्दीच्या किती जवळ धरला यावर तो पुष्कळ अवलंबून असतो. नव्वद मिनिटांचे वातावरण त्यात सापडत नाही.

या आवाजाने निकालात खरोखर फरक पडतो का? २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चाळीस पंचांना अॅनफिल्डवरच्या एका सामन्यातल्या ४७ झटापटी दाखवण्यात आल्या, काहींना गर्दीच्या आवाजासह आणि काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्या पंचांनी यजमान संघाविरुद्ध १५.५ टक्क्यांनी कमी फाउल दिले. त्यानंतर महामारीने जो प्रयोग केला तो कोणालाही मुद्दाम करता आला नसता. २०२०-२१ चा प्रीमियर लीगचा हंगाम जवळजवळ संपूर्ण रिकाम्या स्टँडपुढे खेळला गेला. त्यात यजमानांनी १४४ सामने जिंकले आणि पाहुण्यांनी १५३. इंग्लंडच्या वरच्या श्रेणीच्या इतिहासात असे पहिल्यांदाच घडले. मैदान तेच, गवत तेच, प्रवासाची दगदगही तीच. नव्हता तो आवाज.

आपल्या देशात संख्येच्या बळावर अंतराला हरवणारे एक मैदान आहे. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमला धावपट्टी आहे, तरी १३ जुलै १९९७ रोजी फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानला ४-१ असे हरवले आणि बायचुंग भुतियाने तीन गोल केले, तेव्हा तिथे सुमारे एक लाख एकतीस हजार लोक होते. महाराष्ट्रात ही मजा घ्यायची तर कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर जावे. तालमींचे संघ आणि पेठांची माणसे एकत्र बसतात, शेजारी ओळखीचा असतो, आणि मघाशी सांगितलेले शेजाऱ्याचे महत्त्व तिथे पुस्तकाशिवाय कळते. भुसावळला रेल्वेच्या मैदानावर लहानपणी मी जे सामने पाहिले, तिथे आम्ही पोरे सावली नसतानाही कंपाउंडच्या भिंतीला पाठ लावून बसत असू. तिथून ओरडले की मोठे वाटे. त्यामागचे कारण कळायला मला पुढे पदवी घ्यावी लागली.

लिव्हरपूल शहरातल्याच एव्हर्टन क्लबने २०२५ मध्ये गुडिसन पार्क सोडले. १८९२ पासूनचे हे मैदान इतके दाटीवाटीचे, की दोन स्टँडच्या कोपऱ्यात चक्क चर्च आहे. पुरुषांचा संघ नदीकाठच्या ५२,७६९ आसनांच्या नव्या स्टेडियमवर गेला; गुडिसन मात्र पाडले गेले नाही, २०२५-२६ च्या हंगामापासून तिथे महिला संघ खेळू लागला. लीचने आखलेला बुलन्स रोडचा स्टँड, त्याच्या कठड्यावरची फुलीफुलीची लोखंडी नक्षी आणि ते ठेंगणे छप्पर जागच्या जागी आहे. बदलली आहेत ती माणसे आणि त्यांची संख्या. तिथे जाऊन, सामना सुरू होण्यापूर्वी स्टँड अर्धा रिकामा असताना, जिनिंगमधल्या त्या मुलासारखी एक टाळी वाजवून पाहण्याची माझी फार इच्छा आहे.