गच्चीवरून तेजोमेघ

श्रोतेहो, नमस्कार.

पाऊस उघडला, दसऱ्याचं सोनं लुटून झालं, की कोल्हापूरचं आकाश काही आठवडे झकास असतं. नवी दुर्बीण घेतलेले पुष्कळ जण लगेच देवयानी दीर्घिकेच्या मागं लागतात आणि शहराच्या उजेडात पांढुरका डाग टिपून हिरमुसतात. माझं ऐका, फोटोसाठी आधी एम २७ हा तेजोमेघ धरा.

फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ चार्ल्स मेस्ये यांनी १७६४ साली नोंदवलेला हा ग्रहीय तेजोमेघ. ग्रहाशी त्याचा काडीचा संबंध नाही. सूर्यासारख्या ताऱ्यानं म्हातारपणी बाहेर टाकलेला वायू, आणि उघड्या पडलेल्या तप्त गाभ्याच्या अतिनील किरणांनी तो उजळलेला. अंतर सुमारे १३०० प्रकाशवर्षं. अभिजित, हंस आणि श्रवण या ताऱ्यांच्या त्रिकोणात शोधा. ऑक्टोबरच्या संध्याकाळी जवळजवळ डोक्यावरच असतो.

शहरातून हाच का? दीर्घिकेचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला असतो. याचा मात्र बराचसा मोजक्या रंगांत: ऑक्सिजनचा ५०१ नॅनोमीटरचा हिरवट निळा आणि हायड्रोजनचा ६५६ चा लाल. तेवढेच आत सोडणारा फिल्टर लावला, की नाक्यावरच्या एलईडी दिव्यांचा बहुतेक उजेड बाहेरच राहतो.

खरी कुस्ती ध्रुवाशी. कोल्हापुरातून ध्रुवतारा क्षितिजाच्या वर जेमतेम सतरा अंश. मध्ये शेजाऱ्यांची पाण्याची टाकी आली की संपलं! दुर्बीण ताऱ्यांच्या मागोमाग फिरवणाऱ्या माऊंटचा अक्ष ध्रुवाकडं नीट लागला नाही, तर ताऱ्यांचे ठिपके न राहता रेघा होतात. मग एक्सपोजर लहान ठेवायचं. तीस-तीस सेकंदांचे शंभर फोटो काढा आणि संगणकावर स्टॅक करा, म्हणजे एकावर एक रचून त्यांची सरासरी काढा. सरासरीत नॉइज, म्हणजे फोटोतली खरखर, एका फोटोच्या दहाव्या हिश्श्यावर येतो. फोकस तेजोमेघावर करत बसू नका. अभिजितवर कॅमेरा रोखा, पडद्यावरचा लाइव्ह व्ह्यू मोठा करा आणि ठिपका अगदी बारीक होईपर्यंत फोकसर हलक्या हातानं फिरवा. रात्री गारवा वाढला की नळी आकसते, तेव्हा तासाभरानं पुन्हा बघा.

रंगांचं म्हणाल, तर साध्या कॅमेऱ्यातला आतला फिल्टर हायड्रोजनचा बराच लाल अडवतो. फोटो निळसर येतो. येऊ दे. तांबड्या रश्श्यासारखा लालभडक केलेला तेजोमेघ मला तरी पटत नाही.

आणि हे दिवाळीच्या आत उरका. पुढं फटाक्यांचा धूर, मग गुऱ्हाळांचा हंगाम. आणि डिसेंबरात एम २७ दिवेलागणीलाच पश्चिमेला कललेला असतो.