रिपोर्ट सुधारला, माणसाचं काय?

नमस्कार श्रोतेहो.

कोरोनाच्या काळात रात्री-अपरात्री फोनवर मेसेज यायचे, ‘प्लाझ्मा तातडीने हवा आहे.’ ज्यांचं माणूस आत आयसीयूत होतं, त्यांनी गाव पालथं घातलं. त्या धावपळीला मी नावं ठेवणार नाही. मीही तेच केलं असतं. पण त्या प्लाझ्माचा, म्हणजे कोरोनातून बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातून काढलेल्या द्रवाचा, उपयोग किती होता?

एप्रिल ते जुलै २०२० या काळात आयसीएमआरने देशातल्या ३९ रुग्णालयांत ‘प्लासिड’ नावाची चाचणी घेतली. रुग्ण ४६४. कुणाला प्लाझ्मा मिळणार हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं. २३५ जणांना मिळाला, २२९ जणांना नुसते नेहमीचे उपचार.

सातव्या दिवशी प्लाझ्मा घेतलेल्यांपैकी जास्त जणांची विषाणूची तपासणी निगेटिव्ह आली. धाप, थकवाही कमी. (प्लाझ्मा मिळालाय हे रुग्णाला ठाऊक होतं. धाप किती कमी झाली हे तोच सांगणार, हेही ध्यानात घ्या.) इथेच थांबलो असतो तर औषध लागू पडलं म्हणून पेढे वाटले असते. पण २८ दिवसांनी आजार गंभीर झालेले किंवा दगावलेले रुग्ण मोजले. प्लाझ्मावाले ४४, बाकीचे ४१. म्हणजे १९ टक्के आणि १८ टक्के.

तपासणीचा आकडा सुधारला, माणूस वाचला नाही.

असं पूर्वीही घडलंय, आणि जास्त भयंकर. हार्ट अटॅकनंतर हृदयाचे ठोके अधूनमधून चुकतात. ते दाबायला एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं देत. ईसीजी छान दिसायचा. ‘कास्ट’ या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत तर ज्यांचे ठोके औषधाने खरोखर ताळ्यावर येतात, असेच रुग्ण निवडले होते. १९९१ साली आकडे छापून आले. औषध घेणाऱ्या ७५५ जणांत ६३ मृत्यू, औषधाविना नुसती गोळी घेणाऱ्या ७४३ जणांत २६.

म्हणून नव्या औषधाची बातमी आली की मी आधी एवढंच शोधते: यांनी मोजलं काय? रक्तातला आकडा, की जगणं, चालणं-फिरणं, परत दवाखान्यात न जावं लागणं? तुम्हीही डॉक्टरांना हे विचारा. संकोच करू नका.

प्लासिडचा निकाल ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. प्लाझ्मा सरकारी मार्गदर्शक सूचनांतून निघाला तो मे २०२१ मध्ये. तोवर दुसऱ्या लाटेत नातेवाईक प्लाझ्मासाठी रक्तपेढ्यांच्या दारात उभेच होते.