ब्रिटिश पॉपने अमेरिकेला अमेरिकेचेच संगीत कसे विकले?

नमस्कार. 1963 साली लंडनच्या ईएमआय कंपनीने लिव्हरपूलच्या चार तरुणांची गाणी आपल्याच मालकीच्या कॅपिटॉल रेकॉर्ड्स या अमेरिकी कंपनीकडे पाठवली, तेव्हा कॅपिटॉलने ती काढण्यास नकार दिला. इंग्लंडचा पॉप गायक अमेरिकेत चालत नाही, असा तिथल्या धंद्याचा ठाम समज होता. त्यामुळे बीटल्सची सुरुवातीची तबकडी अमेरिकेत काढली ती शिकागोच्या वी-जे या छोट्या कंपनीने. या कंपनीचे मालक कृष्णवर्णीय होते. शिकागो हे नाव लक्षात असू द्या, कारण ते पुन्हा येणार आहे.

वर्षअखेरीस कॅपिटॉलचे मन वळले आणि पुढे जे घडले ते अनेकांना ठाऊक आहे. 9 फेब्रुवारी 1964 रोजी एड सलिव्हन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात बीटल्सना सुमारे 7 कोटी 30 लाख लोकांनी पाहिले, तर 4 एप्रिलच्या बिलबोर्ड या अमेरिकी साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिली पाचही गाणी त्यांचीच होती. वृत्तपत्रांनी याला ‘ब्रिटिश आक्रमण’ म्हटले. मला हा शब्द फसवा वाटतो, कारण आक्रमक जे घेऊन आले होते ते बव्हंशी अमेरिकेचेच होते.

ऑक्टोबर 1961 मध्ये लंडनजवळच्या डार्टफर्ड स्थानकावर दोन जुने शाळूसोबती योगायोगाने भेटले. त्यांतील मिक जॅगर यांच्या हातात चक बेरी आणि मडी वॉटर्स या कृष्णवर्णीय अमेरिकी गायकांच्या तबकड्या होत्या, आणि त्या पाहून कीथ रिचर्ड्स बोलायला थांबले. शिकागोच्या चेस रेकॉर्ड्स या कंपनीला टपालाने मागणी पाठवून जॅगर असे संगीत मिळवत असत. इंग्लंडमधला एक विद्यार्थी पैसे साठवून समुद्रापलीकडून ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचे संगीत, मागवत होता आणि त्याच काळात अमेरिकेतील बहुसंख्य गोऱ्या मुलांना आपल्याच देशातला मडी वॉटर्स माहीत नव्हता, कारण तिथली रेडिओ केंद्रे, लोकप्रियतेच्या याद्या आणि वस्त्याही वर्णानुसार विभागलेल्या होत्या. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात तो हाच.

या मैत्रीतून रोलिंग स्टोन्स हा बँड उभा राहिला. त्यांचे नावही मडी वॉटर्स यांच्या एका गाण्यावरूनच घेतलेले आहे. जून 1964 मध्ये अमेरिकेच्या पहिल्याच दौऱ्यात त्यांनी थेट चेसच्या स्टुडिओत जाऊन ध्वनिमुद्रण केले.

लाट इतरत्रही पोहोचली. 1966 साली टोकियोच्या बुदोकान सभागृहात बीटल्सचे कार्यक्रम झाले, तेव्हा युद्धकलेच्या वास्तूत पॉप नको म्हणून तिथे निषेधही झाला. आपल्याकडे तर 1965 च्या ‘जानवर’ चित्रपटात शम्मी कपूर बीटल्सच्याच एका चालीवर नाचले. अर्थात उसनी चाल आपल्याला नवी नव्हती.

पण या कहाणीतले माझ्या मते सर्वांत बोलके दृश्य मे 1965 मधले आहे. ‘शिंडिग’ या अमेरिकी संगीत कार्यक्रमाने रोलिंग स्टोन्सना बोलावले, तेव्हा आपल्याबरोबर हाउलिन वुल्फ यांनाही गाऊ द्यावे, असा त्यांनी आग्रह धरला. शिकागोचा हा धिप्पाड ब्लूज गायक तेव्हा 54 वर्षांचा होता आणि दशकाहून अधिक काळ चेससाठी गात होता. तो गाऊ लागला, तेव्हा ज्यांच्यासाठी स्टुडिओतल्या मुली किंचाळत होत्या, ते इंग्लंडचे तरुण त्याच्या पायाशी बसून ऐकत होते.