दिवा बंद केलात, पण गीझरचं काय?

नमस्कार मंडळी. मे महिन्यात सहा पंख्यांखाली बसून वीज कशी वाचवायची ते ऐकायला तुम्ही आलात, म्हणजे तुमची कमाल आहे. पंखे राहू द्या चालू. त्यांच्यावर येतोच आहे मी.

मी बत्तीस वर्षं आयटीआयमध्ये वीजतंत्रीचा वर्ग घेतला. त्याचा परिणाम असा, की कुणाकडे चहाला गेलो तर बश्यांबरोबर बिलही समोर येतं. "बघा ना सर, मीटर नुसता पळतोय." मी विचारतो, "घरात आंघोळी कशा करता, बादलीनं की शॉवरनं?" माणसं दचकतात. हा काय विचारायचा प्रश्न झाला! पण निम्म्या बिलांचं उत्तर तिथेच सापडतं.

आपल्या घरांत विजेवरून भांडण होतं ते दिव्यावरून. "बाथरूमचा दिवा कोणी ठेवला?" हे वाक्य न ऐकता वाढलेलं एक तरी माणूस इथे आहे का? आमचे वडील ओरडायचे ते बरोबरच होतं. त्यांचा बल्ब ६० वॅटचा होता. १००० वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट होतं. म्हणजे तो बल्ब रात्रभर, दहा तास राहिला तर ०.६ युनिट. पुढे एलईडी आले, २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेनंतर तर ते खूप स्वस्त झाले. आता त्याच जागी ९ वॅटचा दिवा आहे. रात्रभर राहिला तर ०.०९ युनिट. बल्ब बदलला, ओरडणं मात्र वडिलांच्या मापाचंच राहिलं. दिवा दिसतो ना, म्हणून आपण त्याला धरतो. गीझर बिचारा वर माळ्याजवळ गुपचूप बसलेला असतो.

पाण्याचं एक गणित सांगतो, ते पाठ करून जा. एका युनिटमध्ये ८६० लिटर पाणी एका अंशानं तापतं. किंवा ८६ लिटर दहा अंशांनी, कसंही फिरवा. थंडीत टाकीचं पाणी साधारण २० अंशांवर असतं, अंगावर घ्यायला ४० लागतं. वीस लिटरची बादली वीस अंशांनी तापवायची म्हणजे चारशे, भागिले ८६०. अर्ध्या युनिटलाही थोडं कमीच. आता शॉवर घ्या. मिनिटाला आठ लिटर धरले आणि माणूस साडेसात मिनिटं उभा राहिला, तर ६० लिटर झाले. जवळजवळ १.४ युनिट. म्हणजे तो तुमचा बाथरूमचा दिवा पंधरा रात्री सताड जळत ठेवला तर जेवढी वीज जाईल, तेवढी एका माणसाच्या एका शॉवरला गेली.

चार माणसांचं घर धरा. महिन्याला बादलीनं ५६ युनिटं, शॉवरनं १६७. फरक १११ युनिटांचा. टाकीतून आणि पाइपांतून उष्णता जाते ती मी यात धरलेलीच नाही. आमच्या आजीकडे तांब्याचा बंब होता. त्यात किती गोवऱ्या आणि नारळाच्या किती करवंट्या गेल्या याचा हिशेब तिच्या डोक्यात असायचा, कारण त्या तिला स्वतः आणून ठेवाव्या लागत. "दुसरा हंडा मिळणार नाही" हे तिचं ऊर्जाधोरण होतं.

शॉवर सोडा असं मी म्हणत नाही. ज्याला त्याची हौस. पण गीझरचा थर्मोस्टॅट ६५-७० वर असेल तर ५० च्या आसपास आणा. इतकं कढत पाणी करून नंतर त्यात गार मिसळायचं, यात टाकी उगाच तापत राहते. आणि सकाळी पहिला उठेल त्यानं बटण लावायचं, शेवटचा न्हाऊन येईल त्यानं बंद करायचं. चौघांनी पाठोपाठ उरकलं तर फार बरं. एक सातला, दुसरा साडेनऊला असं झालं की मधले अडीच तास टाकी आपली बाथरूमच्या हवेला ऊब देत बसते.

आता हे १११ युनिट पैशांत किती, त्यासाठी बिल उलटून बघा. महावितरणच्या घरगुती बिलात टप्पे आहेत. पहिली १०० युनिटं, मग १०१ ते ३००, मग ५०० पर्यंत, मग त्यापुढचं. बऱ्याच लोकांचा समज असा, की १०१ वं युनिट पडलं की सगळंच बिल वरच्या दरानं येतं. तसं नाही. पहिली शंभर पहिल्याच दरानं लागतात, वरची वरच्या दरानं. पण दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या साधारण दुप्पट आहे. त्यावर प्रत्येक युनिटमागे वहन आकार, म्हणजे वीज तारांतून घरापर्यंत आणण्याचे पैसे, आणि मग १६ टक्के वीज शुल्क. तुम्ही वाचवता ते युनिट नेहमी वरच्या टोकाचं असतं, सगळ्यात महागातलं. २८० युनिटं जाळणाऱ्या घरानं १११ वाचवली तर ती सगळीच्या सगळी महागड्या टप्प्यातली वाचली. म्हणून एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागून "मला सरासरी अमुक रुपयाला पडतं" असं म्हणू नका. स्थिर आकार तर तुम्ही महिनाभर गावी गेलात तरी येतोच.

पंखे. साधा छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा पंखा, ३० च्या आसपास. रोज पंधरा तास चालणाऱ्या पंख्यामागे महिन्याला वीस युनिटं वाचतात. तेव्हा हॉलचा आणि झोपायच्या खोलीतला बदला. पाहुण्यांच्या खोलीतला बदलून काय उपयोग? तिथे पाहुणे दिवाळीत येतात, तेव्हा पंखा लागतच नाही. आणि कुणाकडे अजून तो जुना, हाताला गरम लागणारा डबा-रेग्युलेटर असेल, तर पंखा हळू केल्यानं वीज फारशी वाचत नाही. ती त्या डब्यात उष्णता होऊन जाते.

फ्रिज घेताना दुकानदार तारे दाखवतो. तुम्ही ताऱ्यांखालचा आकडा वाचा. तो वर्षाच्या युनिटांचा असतो. मोठ्या फ्रिजचे पाच तारे लहान फ्रिजच्या तीन ताऱ्यांपेक्षा जास्त वीज खाऊ शकतात. शिवाय ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो दर काही वर्षांनी निकष कडक करतो, त्यामुळे २०१२ चा पंचतारांकित फ्रिज आज त्या ताऱ्यांचा राहिलेला नाही. एसीबद्दल एवढंच, की १८ वर लावल्यानं साधा एसी खोली लवकर गार करत नाही, जास्त वेळ चालत राहतो. २४-२५ वर ठेवा आणि जोडीला पंखा लावा.

मिक्सरचं विचारलंत मघाशी. ७५० वॅट वाचून घाबरू नका. चटणी पाच मिनिटांत होते, त्यात ०.०६ युनिट जातं. खुशाल वाटा.

आता घरचा अभ्यास. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी आकडा छापलेला असतो, बऱ्याच मीटरवर ३२००. म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातली सगळी बटणं बंद करा, फ्रिजसुद्धा, आणि दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा. मीटर ३२०० चा असेल तर ११२५ ला त्या सेकंदांनी भागा, वॅट मिळतात. मेन स्विच चालू असू दे. सगळं बंद असताना दिवा गप्प बसायला हवा.

हे मी मुलांना वर्षानुवर्षं करायला लावलं, आणि स्वतःच्या घरी केलं निवृत्तीनंतर. दिवा दर दहा सेकंदांनी लुकलुकत होता. म्हणजे ११२ वॅट, दिवसाला पावणेतीन युनिटं, महिन्याला ऐंशीच्या वर. सेट टॉप बॉक्स काढला, मोबाईलचे चार्जर काढले, देवघरातली माळ काढली. फरक नाही. शेवटी बायकोनं जिन्याखाली बोट दाखवलं. भारनियमनाच्या दिवसांत घेतलेला इन्व्हर्टर. आमच्याकडे वीज जाणं बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण तो आपला म्हाताऱ्या बॅटरीला रात्रंदिवस पाजत बसला होता, आणि ती काही भरत नव्हती. त्या बॅटरीत दर दोन महिन्यांनी पाणी मीच घालत होतो.

बाथरूमच्या दिव्यावरून त्या घरात ओरडायचोही मीच.