रूटीन पेशंटचं काय झालं

नमस्कार मंडळी. मागे ऐकू येतंय ना? बरं. मी डॉक्टर नाही, डायलिसिस टेक्निशियन आहे, ठाण्याच्या पुढे एका सेंटरवर १९ वर्षं मशीन लावतोय, त्यामुळे बोलणार ते त्या खुर्चीशेजारून बघितलेलं.

२०२० च्या मार्चमध्ये, कोरोना आला तेव्हा, सगळीकडे एकच शब्द कानावर पडायचा, रूटीन. रूटीन ओपीडी बंद, रूटीन ऑपरेशनं पुढे ढकला. डोळ्यांचा नंबर तपासायचाय तर ठीक आहे हो, थांबेल. पण ज्याची किडनी गेलीये त्याचं आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तास रक्त धुवावं लागतं, हेही कागदावर रूटीनच. आणि ते चुकलं की पोटॅशियम वाढतं, पाणी छातीत चढतं, हार्ट कधी बंद पडेल सांगता येत नाही.

आमच्याकडे बदलापूरचे एक काका यायचे. लोकलचा पास, सकाळची पहिली शिफ्ट, डबा बरोबर. २२ मार्चच्या मध्यरात्री लोकल बंद झाल्या. रिक्षा नाही, मुलाच्या बाईकवर यावं तर डबलसीटला बंदी. पोलिसांच्या पाससाठी कारण लिहिलं 'मेडिकल इमर्जन्सी', तर नाक्यावरचा हवालदार म्हणतो इमर्जन्सी आहे तर अॅम्ब्युलन्स कुठंय, आणि तुम्ही तर धडधाकट चालताय! आता डायलिसिसचा पेशंट चालतच येतो, त्याला काय सांगणार.

डायलिसिसची एक पाळी चुकून पाचव्या दिवशी काका आले ते दुधाच्या टेम्पोतून, क्रेटच्या बाजूला बसून. त्यांचं ड्राय वेट, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन, ५८, काट्यावर भरले ६३ किलो ४००. नेहमी दोन पाळ्यांमध्ये दोन-सव्वादोन किलो वाढायचे. आडवं होता येईना, धाप. फिस्टुलावर, म्हणजे मशीनची सुई टोचायला हातावर जोडलेल्या शिरेवर, बोट ठेवलं तर थरथर लागत होती, म्हणजे ती चालू होती, तेवढं एक बरं. पाच किलो एकदम काढलं असतं तर बीपी बसलं असतं, म्हणून त्या दिवशी थोडं आणि दुसऱ्या दिवशी परत, आणि मधली रात्र मुलगा बाहेर बाकड्यावर.

आम्ही तरी काय शहाणे होतो? गर्दी नको म्हणून आम्हीही काहींच्या तीनच्या दोन पाळ्या केल्या. एक पेशंट पॉझिटिव्ह निघाला की अख्खी शिफ्ट क्वारंटाइन, सेंटरला कुलूप, मग बाकीचे दुसरीकडे गेले की ते म्हणणार आधी निगेटिव्ह रिपोर्ट आणा, रिपोर्टला दोन दिवस, आणि पाळी तर आजची. १ एप्रिलला केंद्राच्या आरोग्य खात्याने डायलिसिससाठी वेगळ्या सूचना काढल्या खऱ्या, पण सूचना दारापर्यंत पोचायला वेळ लागतो. फोनवरून तपासणीचे नियम २५ मार्चलाच आले होते, त्याचा शुगर-बीपीवाल्यांना खूप फायदा झाला. आमच्या लोकांना काय, फोनवरून रक्त कोण धुणार?

टीबीचं तर आणखी वेगळं. खोकला-ताप दोन्हीकडे सारखाच, माणूस घाबरून घरीच, आणि टीबी तपासायची जी ट्रूनॅट मशीनं होती त्यातली बरीच कोरोनाच्या टेस्टला लावलेली. देशात २०१९ मध्ये साधारण २४ लाख टीबी पेशंटची नोंद झाली, २०२० मध्ये १८ लाख. एका वर्षात टीबी कमी झाला का हो? शोधायचाच राहिला. आणि न सापडलेला पेशंट घरातच खोकतोय, शेजारी नातवंडं.

परत काकांकडे येतो. त्या उन्हाळ्यात आम्ही एक साधी वही केली, दोनशे पानी. पेशंटचं नाव, वार, ड्राय वेट, हिपॅटायटिसचा रिपोर्ट कधीचा, आमचं सेंटर बंद पडलं तर कुठे पाठवायचं, आणि शेवटचा रकाना 'गाड्या बंद असतील तर कोण आणणार'. पहिले तीन रकाने दहा मिनिटांत भरले. शेवटचा भरायला दोन आठवडे लागले, शेजारी, पुतण्या, भाजीवाला, कोणाकोणाला फोन केले विचारू नका.

काकांच्या रकान्यात अजून त्या दूधवाल्याचाच नंबर आहे. परवा लावून बघितला. लागला.