गुग्गुळाची खाच

श्रोतेहो, नमस्कार. तिन्हीसांजेला निखाऱ्यावर गुग्गुळ टाकला की घरभर पसरणारा वास आपल्या चांगल्या ओळखीचा. मुंबईत मसजिद बंदरला काष्ठौषधींच्या दुकानात तो सुटा मिळतो. येतो मात्र कच्छ-राजस्थानच्या कोरड्या माळरानावरून, एका काटेरी झुडपाच्या सालीतून. ते झुडूप आज आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ आहे.

या संकटाची एक बाजू बनारसला आहे. सुश्रुतसंहितेत मेदोरोगाचं वर्णन येतं. मेद वाढतो, शरीरातले मार्ग अडतात, आणि त्यावर गुग्गुळ सांगितला आहे. बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. जी. व्ही. सत्यवती यांना त्यात रक्तवाहिन्यांत चरबी साठण्याचा आजचा विकार दिसला. वाचून त्या थांबल्या नाहीत, त्यांनी ससे घेतले. ससा पक्का शाकाहारी. त्याच्या खाण्यात कोलेस्टेरॉल घातलं की ते रक्तात भराभर चढतं आणि रक्तवाहिन्यांच्या आतून थर धरतो. अशाच काही सशांना सोबत गुग्गुळ दिला, तर त्यांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल कमी राहिलं आणि थरही कमी धरला. हा प्रबंध १९६६चा. जुन्या ग्रंथांना हार घालण्यापेक्षा त्यांतलं वचन असं तपासून पाहणं हाच त्यांचा खरा मान, असं माझं ठाम मत आहे. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनं गुग्गुळापासून औषध तयार केलं, देशोदेशी गोळ्या विकल्या जाऊ लागल्या. २००३ साली अमेरिकेत झालेल्या एका चाचणीत कोलेस्टेरॉल उतरलं नाही, पण तोवर माळावरच्या झुडपांवर सुऱ्या फिरून गेल्या होत्या.

कारण झुडूप चीक देण्याजोगं व्हायला आठ-दहा वर्षं लागतात, आणि तेवढा धीर कोणाला नसतो. मग कच्छमध्ये एक लेप वापरला जातो: गुग्गुळाचाच चीक, मोरचूद आणि घोड्याचं किंवा रानगाढवाचं मूत्र. खाच खोल पाडायची आणि त्यात हा लेप भरायचा. चीक भरपूर येतो, पण मागोमाग झुडूप वाळतं.

हे टाळता येतं. चीक वाहणाऱ्या नळ्या सालीत असतात, लाकडात नाहीत. म्हणून खाच सालीपुरतीच हवी. पुन्हा सांगतो, सालीपुरतीच, लाकडाला धार लागता कामा नये. खोड किमान मनगटाएवढं जाड असावं, दोन खाचांत फूटभर अंतर असावं आणि सुरी स्वच्छ असावी. हंगाम हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा. पावसात नाही, कारण चिकातला डिंकाचा भाग पाण्यात विरघळून वाहून जातो. दहा-पंधरा दिवसांनी सुकलेले खडे अलगद काढायचे, मग पुन्हा तेवढेच दिवस थांबायचं. एका झुडपामागे हंगामात पाव ते अर्धा किलो, एवढंच. त्यापेक्षा जास्त काढण्याच्या मागे लागलं की झुडूप जातं. खोडावरचा पिवळसर, पारदर्शक खडा अव्वल. जमिनीवर ओघळलेल्याला वाळू आणि सालीचे तुकडे चिकटतात, त्याचा भाव पडतो.

खात्री करायची असेल तर खडा गरम पाण्यात टाकून पाहा. चांगला गुग्गुळ पाणी दुधाळ करतो, वाळू तळाशी बसते. काळी कांडी, कोळशाची पूड आणि अत्तर यांना गुग्गुळाचा धूप म्हणून विकणं मला अजिबात पटत नाही. बाळंतिणीच्या खोलीत धुरी द्यायची तर नीट बघून घ्या.

नवी झुडपं छाटकलमांनी होतात. बोटाएवढी जाड, वीतभर लांब फांदी घ्या आणि जून-जुलैत वाळू मिसळलेल्या मातीत लावा. पाणी बेताचं घाला, कारण साचलं की कलम बुडाशी कुजतं.